परतीच्या भाकरी

घरातून कुणी पालीच्या खंडोबाला निघालं, की आजी फडक्यात भाकरी बांधताना दोनदा मोजायची. आधी जायच्या, मग परतीच्या. ही सवय तिला मामंजींनी लावली. ते माझे पणजोबा, ११० व्या मराठा पलटणीतले शिपाई. आमच्या घरात पहिल्या महायुद्धाला अजूनही ‘बसऱ्याची लढाई’च म्हणतात.

१९१५ साली इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने तुर्कांच्या बगदादकडे निघाली. तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. त्या मुलखात धड रस्ते नाहीत, रेल्वे नाही. दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सगळं नदीतून न्यायचं आणि आगबोटी तर आधीच अपुऱ्या. जितकं पुढं जाल तितक्या बोटी जास्त लागणार, हे आमच्याकडच्या कुठल्याही गाडीवानाने सांगितलं असतं. पण तुर्कांपुढे गॅलिपोलीत गेलेली पत बगदाद घेऊन भरून काढायचा मोह लंडनच्या मंत्र्यांना आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगना आवरला नाही. ऑक्टोबरात परवानगी सुटली.

नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनच्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा घायाळ झाली. जखमी उघड्या पडावांतून, घाणीत लोळत बसऱ्याला पोचले. धक्क्यावर मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने ते पाहिलं आणि वर कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली.

उरलेली फौज मागे फिरली आणि डिसेंबरात तैग्रिसकाठच्या कूट गावात तुर्कांनी वेढली. जवळजवळ पाच महिने. दाणागोटा सरत आला, तरी घोड्याचं मांस आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी महिनोन्‌महिने शिवलं नाही. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. मग नदीकाठचा पाला खुडून शिजवायचा, त्यात एखादं पान विषारी निघायचं. म्हणून पुढं जन्मभर, पावसाळ्यात रानातून पाथरी आली की पणजोबा ओसरीवर बसून एकेक पान उजेडाला धरायचे, देठ मोडून चीक बघायचे आणि मगच सुपात टाकायचे. “वळखून चिर गं, सूनबाई,” एवढंच म्हणायचे.

२९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. वाळवंटातून पायी चालवत नेलेली कितीतरी वाटेतच मेली. पणजोबा तुर्कांच्या रेल्वेची खडी फोडत जगले.

१९१७ साली या मोहिमेच्या चौकशीचा अहवाल आला. दोषाची वाटणी झाली, पण ज्याच्या त्याच्या हाती दुसऱ्याकडे दाखवायला बोट होतंच. लंडनने हिंदुस्थान सरकारच्या भरवशाकडे दाखवलं, हार्डिंगनी सेनापतींच्या सल्ल्याकडे. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी तेवढा राजीनामा दिला. त्यांचं नाव मी आदरानेच घेतो. हार्डिंगनीही राजीनामा पुढं केला होता, पण सरकारने तो घेतला नाही. १९२० साली ते पॅरिसला राजदूत झाले.

तोवर पणजोबा गावी परतले होते. चावडीच्या भिंतीत एक पाटी बसवली होती. गावातून किती गेले, किती मेले, एवढंच तिच्यावर. नाव एकाचंही नाही. आजी सांगायची, चावडीवरून जाताना मामंजी पाटीवरून हात फिरवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. घरी आले की तिच्यापाशी एकच प्रश्न काढायचे, “सूनबाई, धाडणाऱ्यानं परतीच्या मोजल्या व्हत्या का?”

फौज धाडायचा हुकूम ज्याच्या सहीने निघतो, त्याला हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. नंतरच्या अहवालाने कुणाचं पोट भरत नाही.