अण्णा, कार्बन आणि सोळा फूट-लॅम्बर्ट

मंडळी, गोष्ट २००७ सालची. आमच्या न्यू जर्सीतल्या देशी मंडळींत तेव्हा बेसमेंट 'फिनिश' करून घ्यायचं खूळ जोरात होतं. कोणी तिथे देवघर केलं, कोणी बार. (एका मित्राने दोन्ही केलं, मध्ये फक्त एक दार.) मी होम थिएटर करायचं ठरवलं. प्रोजेक्टर आणला, खोक्यावर १००० लुमेन छापलेला, आणि पडदा घेतला १२० इंची. १२०च का? तर भिंत तेवढी होती म्हणून. इंजिनिअर माणसाने निदान एक भागाकार करायला हवा होता. नाही केला.

२००८च्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा आले. अण्णा तेव्हा ७१ वर्षांचे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला. मी मोठ्या हौसेने त्यांना खाली नेलं, रिक्लायनरमध्ये बसवलं आणि जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाची डीव्हीडी लावली. दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तुझा कार्बन संपत आलाय बघ."

हे वाक्य कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

नोकरी लागायच्या आधी अण्णांनी तालुक्याच्या गावी एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली पाचेक वर्षं काढली होती. त्या काळी प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांतून प्रवाह सोडायचा आणि मध्ये जो आर्क पेटतो तो आरशाने फिल्मवर फेकायचा. कांड्या जळत जातात, मधलं अंतर वाढतं, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. फिल्मचं रीळ साधारण वीस मिनिटांचं. तेवढ्यात ऑपरेटरला डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा, आणि खाली शिट्ट्या. अण्णा सांगायचे, मालकाचा हुकूम असायचा की अँपिअर कमी ठेवा, कार्बन वाचवा. जळून उरलेले तुकडेही जपून ठेवायचे, पुढच्या कांडीला जोडून वापरायला. सिनेमा तोच, तिकीट तेच, उजेड मात्र मालकाच्या मर्जीवर.

बरं, उजेड किती असावा हे कोणी ठरवलं होतं का? ठरवलं होतं, आणि ते अमेरिकेत. फूट-लॅम्बर्ट नावाचं एक जुनाट माप आहे. एक चौरस फूट साध्या पांढऱ्या पडद्यावर एक लुमेन उजेड टाकला की एक फूट-लॅम्बर्ट. म्हणजे लुमेन भागिले पडद्याचे चौरस फूट, झालं गणित. १९४०च्या दशकात इथल्या सिनेमा इंजिनिअर लोकांचं प्रमाण दहाच्या आसपास होतं, पुढे ते सोळावर स्थिरावलं. हे सोळा फिल्म न लावता मोजायचे. फिल्म कितीही पारदर्शक असली तरी थोडा उजेड खातेच, त्यामुळे प्रेक्षकाच्या वाट्याला साधारण चौदा उरतात. डिजिटल सिनेमाचं प्रमाण ठरलं तेव्हा फिल्मच नव्हती, म्हणून थेट चौदाच धरले.

या भागाकाराशी पहिली मोठी झटापट आमच्याच राज्यात झाली. ६ जून १९३३ रोजी कॅम्डेनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर उघडलं. पडदा ४० फूट बाय ५० फूट, म्हणजे २००० चौरस फूट. सोळाने गुणा: ३२,००० लुमेन! आज मोठ्या मल्टिप्लेक्सच्या यंत्रातून एवढे निघतात. तेव्हा कुठले? त्यामुळे ड्राइव्ह-इनचं चित्र कायम मंदच राहिलं, आणि अंधार पडल्याशिवाय खेळ सुरूच करता येईना. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्याला ड्राइव्ह-इनवाल्यांचा एवढा विरोध का होता, ते मला हा हिशेब मांडल्यावर कळलं.

पण खरी मजा १९५३ साली झाली. घरोघर टीव्ही आल्यामुळे थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सिनेमास्कोप आणला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात 'द रोब' लागला, पडदा सुमारे ६८ फूट रुंद. युक्ती हेन्री क्रेतियाँ या फ्रेंच प्राध्यापकाची, तीही १९२०च्या दशकातली: चित्रीकरणाच्या वेळी चित्र आडवं दाबायचं आणि दाखवताना दुप्पट ताणायचं. लोकांना रुंदी दिसली. इंजिनिअरांना दिसलं की उंची तेवढीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर उजेडाचे दोन वाटे होतात.

फॉक्सने त्यावर तोड काढली ती पडद्यात. धातूचा लेप दिलेला, बारीक नक्षीचा, 'मिरॅकल मिरर' नावाचा पडदा बसवा, असा आग्रह थिएटरवाल्यांकडे धरला. असा पडदा उजेड निर्माण करत नाही. छतावर आणि बाजूच्या भिंतींवर वाया जाणारा उजेड गोळा करून खुर्च्यांकडे पाठवतो. मध्ये बसलेल्याला चित्र जवळजवळ दुप्पट उजळ दिसतं, अगदी कडेला बसलेल्याला मात्र मंद. फुकट काही नाही. मला विचाराल तर सिनेमास्कोपचं निम्मं श्रेय या पडद्याचं आहे; नाव झालं भिंगाचं. इतर काही कंपन्यांनी सोपा मार्ग धरला: जुन्याच चौकटीचा वरचा-खालचा भाग झाकला आणि उरलेली पट्टी मोठी करून दाखवली. त्यात झाकलेला उजेड सरळ कचऱ्यात.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९चा 'कागज़ के फूल'. अण्णांच्या थिएटरात स्कोपचं भिंग आलं त्यानंतर. त्यांना आठवत होतं: स्कोप असला की बाजूचे काळे पडदे सरकायचे, टाळ्या पडायच्या, आणि त्या तीन तासांपुरती मालकाची परवानगी असायची, "अँपिअर वाढवा."

पुढे झेनॉनचे दिवे आले आणि कांड्या सरकवायचं काम संपलं. घरच्या बाजूला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हेन्री क्लॉस यांचा अॅडव्हेंट व्हिडिओबीम आला. त्याच्या तीन नळ्यांतून उजेड बेताचाच निघायचा, म्हणून सात फुटी पडदा वाकडा आणि अॅल्युमिनियमचा. पुन्हा तीच मिरॅकल मिररची युक्ती! मग एलसीडी आणि डीएलपी आले, लुमेन स्वस्त झाले, आणि माझ्यासारखे लोक भिंत बघून पडदे घेऊ लागले.

तर अण्णांचा 'कार्बन' ऐकल्यावर मी ऑफिसातून लक्समीटर आणला. पडद्यावर ५० लक्स. १०.७६ ने भागा: पाचही फूट-लॅम्बर्ट नाहीत. १००० लुमेनचं काय झालं? ते हिरवट रंगाच्या 'डायनॅमिक' मोडमधले. रंग नीट केले की चारशेच्या आसपास उरतात. त्यात माझा दिवा १५०० तास जळलेला, म्हणून दोनशे. पडदा जवळजवळ ४३ चौरस फूट. करा भागाकार. मला हे दीड वर्ष दिसलं नाही, कारण दिवा रोज थोडा थोडा मंदावतो आणि डोळा समजूत काढतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात, विशीतल्याच्या तुलनेत, साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, मोतीबिंदू वेगळाच. ते सोळा फूट-लॅम्बर्ट ठरवताना अण्णांचा डोळा कोणी धरला नव्हता.

नवा दिवा मागवला. काळी मखमल आणून पडद्याच्या चारही कडा झाकल्या, झूम कमी करून चित्र ९२ इंचांवर आणलं. २५ चौरस फूट, ४०० लुमेन, बरोब्बर सोळा. मुलगा रुसला, "बाबा, तुम्ही टीव्ही लहान केलात."

अण्णांना पुन्हा खाली नेलं, तीच डीव्हीडी लावली. या वेळी ते खुर्चीत पुढे सरकून बसले. एका प्रसंगात नायिकेच्या मागे दारात उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बाई आमच्या थिएटरात कधी दिसलीच नाही रे. दीडशे खेळ केले असतील मी या पिक्चरचे."