मराठी रहस्यकथेतील फौजदार

सांगलीच्या शेजारचे माधवनगर हे एके काळी बुधगावच्या पटवर्धनांच्या अमलाखालील गाव होते. एका बाजूस सांगली संस्थान, दुसऱ्या बाजूस मिरज, काही कोसांवर इंग्रजी मुलखातील तासगाव तालुका आणि त्यापलीकडे औंध संस्थानातील कुंडल, अशी सरहद्दींची गुंतागुंत या टापूत होती. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. विलीनीकरणापूर्वी येथील फौजदाराची सत्ता चार कोस चालून गेले की संपत असे. अशा मुलखात वाढलेल्या पिढीच्या वाचनाचा विचार करू लागताच एक नाव हटकून पुढे येते. ते नाव बाबूराव अर्नाळकर यांचे.

अर्नाळकरांचा जन्म १९०६ सालचा. मृत्यू १९९६ सालचा. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या नावावर हजारांहून अधिक रहस्यकथा आहेत, आणि या विक्रमाची जागतिक विक्रमांच्या नोंदवहीतही दखल घेण्यात आली. त्यांच्यापूर्वी मराठी वाचकाला अद्भुताची गोडी नव्हती असे नाही. नाथमाधवांचे 'वीरधवल' १९१३ साली आले होते. दातारशास्त्र्यांच्या 'कालिकामूर्ती'ने अनेकांच्या रात्री जागवल्या होत्या. परंतु हे अद्भुत राजवाड्यांत, भुयारांत आणि गतकाळात घडे. अर्नाळकरांनी ते चाळीच्या जिन्यावर, टॅक्सीत आणि टेलिफोनवर आणून सोडले. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावे १९४० नंतरच्या दोन-तीन दशकांत घरोघरी झाली.

त्या काळच्या वाचकांच्या आठवणी बहुधा एकाच वळणाच्या असतात. पुस्तक लहान, कागद हलका, मुखपृष्ठावर पिस्तूल किंवा बुरखा. ते विकत घेण्यापेक्षा नाममात्र भाड्याने आणावयाचे आणि मुदतीच्या आत परत करावयाचे. म्हणून एका पुस्तकावर घरातील तिघेचौघे टपून बसलेले. पोरांनी ते भूगोलाच्या पुस्तकात दडवावयाचे, आणि रागे भरून ते काढून घेणाऱ्या वडीलमाणसानेही रात्री कंदिलाशी बसून तेच संपवावयाचे. कोणी शेवटचे पान फाडून नेलेले असले म्हणजे खुनी कोण हे शेजारच्या घरी जाऊन विचारावे लागे. साहित्यसंमेलनांच्या व्यासपीठांवर या पुस्तकांना स्थान नव्हते आणि शाळेत तर त्यांचे नाव काढण्याची सोय नव्हती. तथापि मराठी मजकूर सलग शंभर पाने वाचावयाची सवय कित्येकांना येथेच लागली, हे त्या पिढीतील पुष्कळांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

या कथांत एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. गुन्हा घडतो, पोलीस येतात, जबान्या होतात, परंतु कथेचा नायक पोलीस खात्यातला नसतो. धनंजय खाजगी गुप्तहेर. झुंजार आणि काळा पहाड तर कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करणारे. फौजदार प्रामाणिक असेल, शूरही असेल. परंतु गुन्ह्याची उकल त्याच्या हातून व्हावयाची नसते. बेड्या घालण्यापुरते त्याने शेवटी हजर राहावयाचे.

यावर कोणी म्हणेल की ही तर रहस्यकथेची जुनी रूढीच आहे. १८८७ साली शेरलॉक होम्स प्रथम अवतरला तेव्हापासून स्कॉटलंड यार्डचे अधिकारी त्याच्यापुढे फिके पडत आले आहेत, आणि झुंजाराच्या पाठीमागे फ्रान्सच्या आर्सेन ल्युपॅंची सावली स्पष्ट दिसते. हे खरे. परंतु लंडनचा वाचक ज्या पोलिसाला हसत होता तो त्याच्याच राज्याचा नोकर होता. माधवनगरच्या वाचकाच्या मनातला पोलीस निराळा होता.

येथील पोलीस खात्याची घडण १८५७ च्या उठावानंतर झाली. १८६१ च्या कायद्याने जी पद्धत हिंदुस्थानात रूढ केली, तिच्यापुढे आदर्श होता तो आयर्लंडातील शिपायांचा. प्रजेच्या सोयीपेक्षा प्रजेवर वचक राखणे हा तिचा हेतू. १९०२-०३ साली सरकारनेच नेमलेल्या पोलीस कमिशनने खाते अकार्यक्षम असून लोक त्यास लाचखाऊ आणि जुलमी समजतात, असा अभिप्राय दिला. याहून बोलकी गोष्ट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे आरोपीने दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध शाबीत करता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले, आणि २०२३ साली झालेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. राज्यकर्त्यांचा कायदाच जेथे आपल्या फौजदारावर विश्वास टाकीत नव्हता, तेथे कथा वाचणाऱ्याने तो का टाकावा?

बंगालमध्ये मात्र वेगळा प्रयोग झाला. कलकत्त्याच्या पोलीस खात्यातील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून 'दारोगार दप्तर' या नावाने तपासाच्या हकीकती महिन्यामागून महिना छापल्या. याच कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धती हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली; ती सिद्ध करण्यासाठी ज्यांनी आपली बुद्धी झिजवली ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे त्याच्या हाताखालचे एतद्देशीय नोकर. अशा माणसांची चिकाटी हा कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे मराठीत उमगावयास फार काळ लागला.

सातारा-सांगलीकडे तर १९४२ नंतर जे घडले त्यापुढे कल्पित कथा फिकी ठरावी. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात गोळीबार झाला आणि वसंतदादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. त्याच वर्षी ७ जूनला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटण्यात आली होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे उभारली, तंटे मिटवले, दरोडेखोरांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना शिक्षा केल्या. ज्याला पोलीस फरारी म्हणत त्याला गावकरी भाकरी पोचवीत. इंग्रजी हद्दीतून संस्थानी हद्दीत पाऊल टाकले की पाठलागाची गती मंदावते, ही गोष्ट येथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

अशा दिवसांत ज्याच्या हाती काळा पहाड पडला, त्याला कायद्याबाहेरचा न्यायी पुरुष ही कल्पना नवलाची वाटली नसेल. अर्नाळकर स्वतः मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी ऐन चोविशीत होते. त्यांची सारी पिढीच सरकारी न्याय आणि खरा न्याय यांतील अंतर पाहत मोठी झाली. त्यांच्या कथांत राजकारण शोधू नये. ते तेथे क्वचितच सापडेल. परंतु न्याय व्हावा आणि तो परक्याच्या चाकराकडून न व्हावा, ही त्या काळची भूक मात्र त्यांत भागवलेली दिसते.

या न्यायाला दुसरी बाजूही होती. कथेतल्या काळ्या पहाडाची चूक होत नाही, कारण खरा गुन्हेगार कोण हे लेखकाला आधीच ठाऊक असते. प्रत्यक्षात गावाने दिलेली शिक्षा निरपराध्याच्या अंगावर पडली तर तिच्यावर अपील नसते. पंचनामा, साक्षीदार, वकील, वरचे कोर्ट हे सारे कंटाळवाणे उपचार त्या एका चुकीच्या भयाने निर्माण झाले आहेत. रहस्यकथेचा वाचक हे उपचार उलटून पुढे जातो. नागरिकाला तसे करून चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटले. अमेरिकेत लॉरेन्स ट्रीट यांनी १९४५ साली आणि एड मॅक्बेन यांनी १९५६ पासून साध्या पोलिसांच्या रोजच्या कामावर कादंबऱ्या रचल्या. त्यांत कोणी एक अलौकिक बुद्धिमान नसतो. दहा जण दहा दारे ठोठावतात आणि एखाद्या दाराआड धागा सापडतो. मराठीत हे काम महाराष्ट्र पोलिसांच्या 'दक्षता' मासिकाने केले. खऱ्या तपासांच्या हकीकती त्यात येत आणि त्या आवडीने वाचल्या जात. श्रीकांत सिनकर यांनी मुंबई पोलिसांच्या तपासांवर आधारलेल्या कथा लिहिल्या. 'सैली १३ सप्टेंबर' हे त्यांपैकी एक ठळक नाव. धोब्याची खूण, टॅक्सीचा नंबर, लॉजच्या नोंदवहीतील खोटी सही अशा क्षुल्लक गोष्टींवरून मागोवा घेत जाणारा हवालदार आता मराठी वाचकाच्या कौतुकाचा विषय होऊ शकला. राज्य आपले झाल्यावर फौजदारही थोडा आपला झाला.

थोडाच, असे म्हणणे प्राप्त आहे. ठाण्याची पायरी चढताना साध्या माणसाची छाती अजूनही धडधडते, आणि पडद्यावर कायदा हातात घेणाऱ्या नायकाला अजूनही टाळ्या पडतात. काळा पहाड वाचकाला का आवडला याचे उत्तर म्हणूनच केवळ वाङ्मयात शोधून भागणार नाही. ते चावडीत, ठाण्यात आणि कोर्टातही शोधावे लागेल.

त्या शोधाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. हलक्या कागदाची ही पुस्तके मुळात जपून ठेवण्यासाठी छापलेलीच नव्हती. पुष्कळशी रद्दीत गेली. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीच्या नगरवाचनालयातील हजारो पुस्तके भिजून गेली, त्यांत दुर्मिळ ग्रंथही होते. ज्या घरांत माळ्यावर अजून एखादा धनंजय किंवा झुंजार पडून असेल, त्यांनी तो रद्दीवाल्यास देण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयात विचारावे. एका पिढीने न्याय या शब्दाने काय मागितले होते, त्याची ती जबानी आहे.