लाकीची आग

ज्वालामुखी म्हटला की धूर ओकणारा सुळका डोळ्यांपुढे उभा राहतो. आइसलंडातील लाकीची गोष्ट निराळी. ८ जून १७८३ रोजी तेथे जमीनच सुमारे २५ किलोमीटर उसवली आणि आठ महिने तीतून लाव्हारस वाहत राहिला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच भेगांतून आला. पण तेव्हा होरपळायला माणूस नव्हता. लाकीभोवती वस्ती होती. रसाने शेतेघरे गिळली, तरी खरा घात केला तो वायूंनी. फ्लोरिनने विषारी झालेले गवत खाऊन मेंढ्यागुरे मेली, मागोमाग दुष्काळ आला आणि देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली.

२० जुलैला योन स्टाइनग्रिमसन हा धर्मगुरू चर्चमध्ये प्रार्थना चालवीत असता रस गावाबाहेरच थांबला. लोक त्याला चमत्कार म्हणाले. मला मात्र त्या गृहस्थाची पुढली करणी मोठी वाटते. १७८४ साली सरकारी मदतीची मोहरबंद रक्कम अधिकाऱ्याकडे नेताना त्याने ती वाटेतच उघडली आणि उपाशी लोकांना पैसे वाटले. त्याबद्दल त्याला दंड झाला! आगीपुढे माणूस दुबळाच. शेजाऱ्याच्या भुकेपुढे मात्र त्याला काही करता येते, आणि ते त्याने केले.