साखळी होती, पण ठिपक्यांमागे नव्हती

धातूवर आयनांचा मारा झाला की त्याचे अणू उडतात आणि आसपास लेप धरतात. असा लेप विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच टिपला होता. अणू कसे उडतात, हे कोडे मात्र पुढची शंभर वर्षे सुटले नाही. आघाताची जागा क्षणभर तापते आणि तिथला धातू वाफ होऊन जातो, असे एक मत होते. १९५५ मध्ये गॉटफ्रीड वेनर यांनी धातूच्या एकसंध स्फटिकावर कमी ऊर्जेचे पाऱ्याचे आयन सोडले, तेव्हा उडालेल्या धातूचा सारखा लेप न बसता ठिपके उमटले. तेही स्फटिकात अणूंच्या रांगा सर्वांत दाट असतात त्या दिशांना. वाफ अशी दिशा पाळत नाही. १९५७ मध्ये सिल्सबी यांनी गणिताने दाखवले, की दाट रांगेतल्या अणूला किंचित तिरका धक्का बसला तरी टकरीगणिक तो धक्का सरळ होत पुढे जातो. कॅरमवर ओळीने चिकटलेल्या सोंगट्यांपैकी पहिलीला टोला बसावा आणि शेवटची सुटावी, तसा. ठिपके म्हणजे खोलवरून आलेल्या अशा साखळ्यांची टोके, हा अर्थ मग ओघानेच आला. तो देखणा होता, आणि माझ्या मते तेच त्याचे दुबळेपण होते.

संगणकाने आधी या साखळीच्याच बाजूने साक्ष दिली. १९६० मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज व्हिनयार्ड आणि सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ यंत्रावर सुमारे पाचशे अणूंचा तांब्याचा स्फटिक मांडला, एका अणूला जास्तीत जास्त ४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धक्का दिला आणि न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक अणूची वाटचाल क्षणाक्षणाने मोजली. साखळ्या खरोखर धावताना दिसल्या. मात्र तो धक्का स्फटिकाच्या आत होता, ठिपके तर पृष्ठभागावरच्या माऱ्यातून उमटले होते. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत डॉन हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी मग संगणकातच आरगॉनचे आयन तांब्याच्या पृष्ठभागावर आदळवले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत उडणारे अणू वरच्या मोजक्या थरांतलेच निघाले. ठिपक्यांना खोल साखळी लागतच नव्हती; बाहेर पडणाऱ्या अणूला शेजारचे अणूच वाट आखून देत होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लेहमन आणि सिग्मुंड यांनी १९६६ मध्येच कागदावर पृष्ठभागाचा हा पर्याय मांडला होता. मग यंत्राने नवे काय केले? कागदाने असे घडू शकते एवढे दाखवले. कोणता अणू कोणत्या थरातून निघाला, याचा हिशेब यंत्राने दिला. वेनर यांच्या ठिपक्यांत अणू पोहोचत, पण ते कोणत्या थरातून आले याचा माग पुसलेला असे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अणूंमधले बल गृहीत धरलेले, म्हणजे घातले तेच बाहेर आले. एका आयनामागे किती अणू उडतात, या आकड्याबाबत ही शंका रास्तच आहे, कारण तो त्या बलावर अवलंबून असतो. पण ठिपक्यांची दिशा मुख्यतः शेजाऱ्यांच्या रचनेतून येते. शिवाय १९६० मध्ये ज्या धर्तीच्या बलाने साखळ्या दाखवल्या, त्याच धर्तीचे बल इथेही होते. साखळी मोडावी म्हणून ते निवडलेले नव्हते. सिल्सबी यांचे गणित चुकले नव्हते, साखळीही खोटी नव्हती. एखादी गोष्ट आहे म्हणून तीच कारण ठरत नाही, एवढा भेद इथे अणू मोजून सिद्ध झाला.