खिळे गेले, बिघाड राहिला

पान बिघडले म्हणजे दोष कोणाचा, हा वाद छापखान्याइतकाच जुना आहे. ग्रंथकार जुळाऱ्याकडे बोट दाखवी, जुळारी ग्रंथकाराच्या हस्ताक्षराकडे, आणि मुद्रितशोधक दोघांकडेही. आता खिळे गेले, जुळारीही गेला आणि त्याच्या जागी संगणकापुढे बसणारा डीटीपी ऑपरेटर आला. वाद मात्र राहिला, आणि त्यात नव्या तऱ्हेची भर पडली. एका मथळ्याचे अक्षर मोठे करावे, तर पुस्तकातील दहा मथळे मोठे होतात. परिच्छेदाला दुसरी स्टाइल लावावी, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते. वेलांटी अक्षराच्या डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसते, आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली व्यंजने उघडी पडतात. गिऱ्हाईक म्हणते, ऑपरेटरला काम येत नाही. ऑपरेटर म्हणतो, सॉफ्टवेअरच बिघडले. आमच्या मते या दोन्ही उत्तरांत फारसे तथ्य नाही. या बिघाडांना इतिहास आहे. तो ध्यानात घेतला, तर बिघाड कोठे शोधावा हे कळते, आणि कष्ट कोणाचे खर्च होतात हेही कळते.

प्रथम खिळ्यांचा काळ पाहू. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली दूर बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. पुढे मुंबईत या कलेला बहर आला, तो जावजी दादाजींसारख्या माणसांमुळे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात मजुरी करणाऱ्या या माणसाने १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. देवनागरीचे खिळे जुळविणे हे इंग्रजीच्या मानाने फार बिकट काम होते. इंग्रजीला थोडके खिळे पुरत. देवनागरीला अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, उकार आणि रफार मिळून शेकडो लागत. डिग्री पद्धतीत तर वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार असे तीन थर जुळवावे, तेव्हा कोठे एक ओळ तयार होई.

त्या काळी अक्षराचा अर्थ आणि अक्षराचे रूप या दोन वस्तू नव्हत्या. जुळाऱ्याने हातात घेतलेला खिळा 'क' असे, आणि तो अमुकच आकाराचा, अमुकच जाडीचा 'क' असे. ठळक अक्षर हवे, तर ठळक खिळ्यांची वेगळी केस उघडावी लागे. छपाई आटोपल्यावर खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकीत. त्यात एखादा खिळा चुकून दुसऱ्या केसमध्ये पडला, तर आजची चूक उद्याच्या पानावर प्रकट होई. चांगला जुळारी असे परके अक्षर बोटांनीच ओळखी. अक्षर कोणते आणि ते दिसावे कसे, ही दोन्ही ज्ञाने एकाच माणसाच्या हातात एकत्र नांदत होती.

ही दोन ज्ञाने एकमेकांपासून अलग करण्याची कल्पना अमेरिका खंडातली. विल्यम टनिक्लिफ या गृहस्थाने १९६७ साली कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात भरलेल्या बैठकीत असा विचार मांडला की, मजकुराची माहिती आणि त्याची मांडणी वेगवेगळी ठेवावी. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी याच दिशेने खुणांची एक भाषा रचली. मजकुरात 'हे ठळक छापा' असे न लिहिता 'हा मथळा आहे' एवढेच लिहावयाचे. मथळा कसा दिसावा हे दुसरीकडे, एकदाच, सर्वांसाठी ठरवावयाचे. आज ज्याला 'स्टाइल' म्हणतात, तिचे मूळ तत्त्व हेच होय.

आम्हा कामगार चळवळीतल्यांना हे तत्त्व समजण्यास जड जाऊ नये. स्टाइल म्हणजे करार. साऱ्या खात्याला एकच नियम लागू. करार बदलला की सर्वांना बदल लागू. परंतु कारखान्यात जसा एखादा साहेब करार बाजूला ठेवून एकेकाला खासगी सवलती देतो, तसाच ऑपरेटर घाईच्या वेळी एखादी ओळ निवडून तिचे अक्षर हाताने मोठे करतो. इंग्रजीत याला ओव्हरराइड म्हणतात. अशा सवलती शंभर ठिकाणी दिल्या गेल्या, म्हणजे पुढे करार बदलला तरी त्या शंभर ओळी ऐकत नाहीत. स्टाइलबाबतच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

कल्पना चांगली होती. तिची किंमत मात्र जुळाऱ्याने मोजली. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांची 'लोकल ६' ही युनियन १९६२-६३ साली ११४ दिवस संपावर होती. १९७४ साली तिने नवी यंत्रे मान्य केली आणि त्या बदल्यात असलेल्या कामगारांना तहहयात नोकरीची हमी मिळविली. २ जुलै १९७८ रोजी न्यूयॉर्क टाइम्सचा तप्त धातूच्या खिळ्यांवरचा शेवटचा अंक निघाला. लंडनमध्ये असा समेट झाला नाही. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने वॉपिंग येथे गुपचूप नवा छापखाना सज्ज केला. २४ जानेवारी १९८६ रोजी संप सुरू होताच सुमारे साडेपाच हजार कामगारांना बडतर्फ केले. आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये लढा संपला तो कामगारांच्या पराभवाने. दोन्ही ठिकाणी जुळाऱ्याचा हात गेला. फरक इतकाच की, एका ठिकाणी त्या हाताचे मोल मान्य करून त्याला निरोप दिला.

याच सुमारास यंत्र टेबलावर आले. जुलै १९८५ मध्ये पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणले. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दही ब्रेनर्ड यांचाच. पुढे १९९९ साली अॅडोबीचे इनडिझाइन आले. ही सॉफ्टवेअरे रोमन लिपीच्या घरात जन्मली. देवनागरीला त्या घरात जागा नव्हती. म्हणून आपल्याकडील कारागिरांनी एक तोड काढली.

ती तोड अशी. पुण्यात १९८८ साली सीडॅक स्थापन झाली, आणि १९९१ साली भारतीय लिपींच्या सांकेतिक क्रमांकांचे राष्ट्रीय मानकही ठरले. परंतु परदेशी पेजमेकरला ते मानक कळत नव्हते. तेव्हा फॉन्ट बनविणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे भरले. संगणक समजे की आपण इंग्रजी छापतो आहोत. कागदावर उमटे देवनागरी. उत्तरेत फार चाललेल्या 'कृतिदेव' या फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात 'राम' हा शब्द 'जे', 'के', 'ई' या तीन रोमन अक्षरांच्या रूपाने साठवला जातो. त्याला रोमन फॉन्टची स्टाइल लागली, की राम जातो आणि ती तीन अक्षरे उघडी पडतात. इंग्रजी मथळ्यांसाठी केलेली 'सर्व अक्षरे कॅपिटल' ही सूचना त्या स्टाइलमध्ये राहिली असेल, तर आणखी गंमत होते: मोठ्या 'जे'च्या खणात 'श्र' आहे, मोठ्या 'के'च्या खणात 'ज्ञ', आणि मोठ्या 'ई'च्या खणात अर्धा 'म'. 'राम' लिहिलेल्या माणसाला 'श्रज्ञम्' वाचावे लागते! इंग्रजी अवतरणचिन्हे आपोआप वळविण्याची सोय चालू असली, तरी असाच घात होतो. कारण त्या चिन्हाच्या खणात अर्धा 'श' बसविलेला असतो. यंत्राने यात काहीच चूक केलेली नसते. त्याला खोटे सांगितलेले असते, आणि ते खोट्याशी प्रामाणिक राहते.

यातून सुटका झाली ती युनिकोडने. १९९१ साली निघालेल्या या जागतिक व्यवस्थेत 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला. तो कोणत्याही फॉन्टमध्ये 'क'च राहतो. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी या आपल्या सुलेखनकार कवीने घडविला होता. परंतु नवी अडचण उभी राहिली. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवतात. ती डावीकडे नेऊन बसविणे हे सॉफ्टवेअरचे काम. जुळारी वेलांटीचा खिळा आधी ठेवी, कारण त्याला पान ठाऊक होते. सॉफ्टवेअरला ते शिकवावे लागले. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींसाठी ही सोय २०१२ सालच्या सीएस ६ आवृत्तीत रीतसर आली. तिचे नाव 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर'. जुळाऱ्याची जागा घेऊन यंत्राने त्याचे नावही घेतले!

आता बिघाड कोणत्या क्रमाने शोधावा, ते सांगतो. पहिल्याने मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे पाहावे. जुना असेल, तर आधी रूपांतर करून घ्यावे, मग स्टाइल लावावी. क्रम उलटा केला तर दुप्पट काम पडते. दुसरे, स्टाइलच्या नावापुढे अधिकाचे चिन्ह दिसते का? पेजमेकरमध्ये आणि इनडिझाइनमध्ये ते खासगी सवलतीची खूण आहे. सवलत काढून टाकावी, म्हणजे परिच्छेद करारावर येतो. मात्र एखादा शब्द मुद्दाम ठळक केलेला असेल, तर त्यासाठी आधी कॅरेक्टर स्टाइल लावावी, नाही तर तोही पुसला जाईल. तिसरे, ही स्टाइल दुसऱ्या कोणत्या स्टाइलवर आधारलेली आहे? दहा मथळे एकदम मोठे होतात, ते आईच्या स्टाइलमधला बदल लेकींना लागू होतो म्हणून. चौथे, वेलांटी फिरली किंवा जोडाक्षरे फुटली, तर त्या परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये कोणता कंपोझर लावला आहे ते तपासावे. पाचवे, भाषा मराठी नेमली आहे का? काही फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असतात, पण भाषा सांगितल्याखेरीज ते पुढे येत नाहीत. शेवटी, मागितलेले ठळक वळण त्या फॉन्टमध्ये मुळात आहे काय, हे पाहावे. केसमध्ये नसलेला खिळा जुळारी कोठून आणणार?

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, ही सारी उठाठेव दुकानदाराने करावी, आम्हा नगरवासीयांना तिचे काय? याचे उत्तर आपल्या कपाटांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची आपल्या संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका आणि प्रबंध जुन्या खासगी फॉन्टांत पडून आहेत. तो फॉन्ट हाताशी नसला, की फाइल उघडते, पण मराठी उघडत नाही. आमच्या युनियनच्या जुन्या अहवालांची हीच गत झाली. एक तरुण ऑपरेटर कित्येक रात्री बसला, तेव्हा ते वाचनीय झाले. त्याच्या धंद्यात मोल पानामागे मिळते. स्टाइल नीट बांधण्यात, जुना मजकूर सोडविण्यात आणि बिघाड हुडकण्यात गेलेला वेळ पानांत मोजला जात नाही. म्हणून तो वेळ कोणी देत नाही, आणि सवलतींवर सवलती चढवून पान कसेबसे उभे केले जाते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते कोसळते, आणि बोल पुन्हा ऑपरेटरलाच लागतो.

तेव्हा आमची सूचना थोडी आणि व्यवहारातली आहे. आपल्या संस्थेचे काम देताना मजकूर युनिकोडमध्ये द्यावा. छापील प्रतीबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी. आणि बिल ठरविताना पानांच्या दरापुढे एक ओळ वाढवावी: दुरुस्तीचे आणि मांडणीचे काम, इतके तास. जुळाऱ्याला आपण निरोप देऊन चुकलो. त्याचे ज्ञान ज्याच्या डोक्यात आज नव्याने गोळा होत आहे, त्या माणसाचा हिशेब तरी नीट व्हावा, एवढे सांगून आम्ही हा विषय येथे पुरा करतो.