थिबा राजवाडा, पुन्हा एकदा

सहावीत बाईंनी 'आपल्या गावातील ऐतिहासिक वास्तू' हा निबंध घातला होता, आठवतो? निम्म्या वर्गाने थिबा राजवाडाच घेतला. 'इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला सुंदर राजवाडा बांधून दिला,' असं मी लिहिलं आणि दहापैकी आठ गुण मिळवले. ते वाक्य आता खोडावंसं वाटतं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबाला राण्या-मुलींसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा इथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटी बंद. राजाला नजरेआड करायला आपलं गाव सोयीचंच! राजवाडा उभा राहिला १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. त्याच्या वाट्याला हे घर आलं जेमतेम सहा वर्षं.

गेल्या दिवाळीत लेकाला घेऊन गेले होते. सॉफ्टवेअरच्या नोकरीने लागलेली खोड म्हणा, कुठलीही रचना दिसली की 'ही नेमकी कुणासाठी?' असं आधी मनात येतं. उतरती कौलं, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या, वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन. कोकणच्या पावसाला पुरून उरणारं काम, पण तोंडवळा मोठ्या साहेबाच्या बंगल्याचा. मंडालेचा त्याचा राजवाडा सागवानी, सोन्याच्या मुलाम्याचा. इथे ब्रह्मी खूण शोधावी लागते. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे, ती राजाने बसवलेली.

त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेले टिळक थिबाच्या राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात होते. तिथे 'गीतारहस्य' लिहिलं जात होतं, तेव्हा इथे राजा नव्या घरात सामान लावत होता. शाळेत आपण दोन्ही धडे शिकलो, पण वेगवेगळ्या तासांना.

१९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्याच्या दरवानापासून तिला मुलगी झाली होती. ती मुलगी, म्हणजे राजाची नात, इथेच मराठी बोलत, गरिबीत जगली आणि २००० साली वारली. आपण दहावी झालो १९९६ला. सहलीला राजवाड्याच्या आवारात डबे उघडून बसायचो, तेव्हा ती याच गावात होती. बाजारात कधी शेजारून गेलीही असेल. माझ्या आठ गुणांच्या निबंधात तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर जायचं ठरलंय. फोटो झाले की राजाच्या समाधीवरही जाऊ या. तीही गावातच आहे, आणि मी अजून पाहिलेली नाही.