कामगाराचें बोट आणि कायद्याचें कोष्टक

सोलापुराहून तुळजापुरास निघालें म्हणजे वाटेंत तामलवाडी लागते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत या गांवावर निजामाचा अंमल होता, आणि वाटेच्या खालच्या टोकाचें सोलापूर इंग्रजी मुलखांत मोडत होतें. तेथें १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच लोक पुढें 'जुनी गिरणी' म्हणूं लागले. आसपासच्या कोरडवाहू मुलखांतील माणूस तिकडे वळला. यंत्रांत बोट सांपडलें तर त्यानें घरीं जावें, हें ठरलेलेंच होतें. जखम भरल्यावर तो पुन्हां दारांत उभा राहिला, तर त्यास आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें मात्र जॉबरच्या मर्जीवर असे.

या प्रश्नास प्रथम तोंड फोडलें तें मुंबईंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें गिरणी कामगारांची सभा भरविली. तेथील मागण्यांच्या अर्जावर सुमारें ५,५०० कामगारांनीं सह्या केल्या. त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी १८९० सालीं फळास आली व लोकांच्या स्मरणांत राहिली. दुसऱ्या एका मागणीची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं: कामावर जबर इजा झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची तजवीज व्हावी.

सरकारास हें पटावयास जवळ जवळ ४० वर्षें लागलीं, आणि पटलें तेंही अर्धेंच. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. पहिल्या १० दिवसांचें कांहीं नाहीं. पुढें सामान्यतः अर्धा पगार, तोही पंधरवड्यास १५ रुपयांच्या आंत. दारूच्या अमलाखालीं असतां किंवा सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडून इजा झाली, तर तेंही बुडे. परिशिष्टांत अवयवांचें कोष्टक होतें. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० घटली असें धरावें, डावा गेला तर ६०. आंगठ्यास २५, तर्जनीस १०. तुटलेला धागा चिमटींत धरून सांधणारा माणूस ज्यानें एकदां पाहिला आहे, त्यास हा दहाचा आंकडा वाचून काय वाटेल? शिवाय डावऱ्या माणसाची गोष्ट कोष्टकवाल्यांच्या गांवींही नव्हती!

असो. पैशाचा हिशेब झाला. कामावर परत घेण्याचें काय? १९४८ च्या राज्य विमा कायद्यानें, विम्याचा भत्ता चालू असेपर्यंत कामगारास काढूं नये, असें बंधन घातलें. भत्ता थांबल्यानंतरची हमी त्यांत नव्हती. नोकरींत असतांना अपंगत्व आलेल्यास काढूं नये, जुनें काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरें द्यावें, हें कलम यावयास १९९५ साल उजाडावें लागलें. तें सरकारी व निमसरकारी आस्थापनांपुरतें होतें. २०१६ च्या कायद्यांतही ही हमी सरकारी आस्थापनांच्याच वांट्यास आली. खासगी गिरणीच्या दारांत उभा असलेला माणूस दोन्ही वेळां बाहेरच राहिला.